आपापला पोशाख

सुरतेतल्या उधन्याच्या एका शाळेत बी.एड.चा सरावपाठ घेणाऱ्या हर्षदाने मुलांना बजावलं होतं, "उद्या प्रत्येकाने आपापल्या संस्कृतीचा पोशाख घालून यायचं."

आणि खान्देशी, ओडिया, बिहारी, तेलुगू, सगळी पोरं झाडून नवरात्रीतल्या चनियाचोळ्या नि घेरदार केडियू घालून हजर!

"मॅडम, आम्ही सगळे गल्लीत हेच घालून गरबा रमतो ना," ओडिया सस्मिता खुशीत म्हणाली.

हर्षदाने घड्याळ पाहिलं. परीक्षक तासाभरात येणार होते. तिने धावतपळत भाड्याचे पोशाख आणले, कुणाला धोतर, कुणाला नऊवारी गुंडाळली आणि प्रांतांच्या पाट्या लावून पोरांना वेगवेगळ्या रांगांत बसवलं.



परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. "वा! मुलांना किती छान एकत्र आणलंत हो तुम्ही!"