मुरलेला चिखल

जुनी दलदल बुजवून रस्ता करायचा, म्हणून इंजिनियरसाहेबांनी पलीकडे नवंकोरं तळं खणलं. बेडूक आले, बगळे आले, डास तर न बोलावता आले. पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दलदलीतली इवलीशी गोगलगाय कितीदा आणून सोडली तरी मलूल होऊन पडायची.

"साहेब, बेडूक काय, कुठेही संसार थाटतो," प्राणितज्ज्ञ बाई म्हणाल्या. "हिला चार हजार वर्षं मुरलेला चिखलच लागतो."

"नव्या तळ्याला काय काटे आहेत? नुसते लाड! उद्या सकाळी दलदल बुजणार म्हणजे बुजणार," साहेब कडाडले आणि तणतणत घरी गेले.

संध्याकाळी बाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांच्या घरी फोन केला. तो साहेबांच्या बायकोने उचलला.

"आहेत हो, पण घरात यायला तयार नाहीत. त्यांची वीस वर्षांची खुर्ची टाकून मी आज नवी आणली ना! नवीत मुलं बसली, शेजारी बसले, मांजर तर घोरतंय. हे मात्र बाहेर कचऱ्यापाशी, त्या जुन्या खुर्चीतच जाऊन बसलेत. काही निरोप द्यायचाय?"

"एवढाच द्या," बाई म्हणाल्या, "की उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येणार म्हणजे येणार."