चौथ्या बाकावरची मंडळी

घंटेचा दोर ओढून झाला आणि साळवे पाळकांच्या खांद्यातून सणकन कळ गेली. ते तिथेच पायरीवर टेकले. आज बायडाबाईंना सांगून टाकायचं, त्यांनी मनाशी म्हटलं, म्हणजे सुटलो.

गेल्या पावसाळ्यापासून ते दर रविवारी हेच म्हणत होते, ही गोष्ट वेगळी.

हडपसरच्या जुन्या गावठाणातलं हे मेथडिस्ट चर्च. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि चारी बाजूंनी इतक्या इमारती की क्रूसावर ऊन पडायचं तेही कुणाच्या तरी बाल्कनीची परवानगी घेऊन. चर्चचा कारभार बघणारे जुने पंच एकेक करून प्रभूत निजले. त्यांची मुलं वारज्याला नाहीतर आणखी कुठे फ्लॅटमध्ये गेली. तिथल्या चर्चमध्ये गिटार असते, पडद्यावर गाण्याचे शब्द दिसतात, पार्किंगही मिळतं. निवृत्तीला आलेल्या, कुरकुर न करणाऱ्या पाळकाला अशा रिकाम्या जागी पाठवायची रीतच आहे. सात वर्षांपूर्वी साळवे आले ते असेच.

पहिल्या रविवारी एकही माणूस आलं नाही. साळव्यांनी तरी उपासना पुरी केली. गीतं म्हटली, उपदेश केला, आणि शेवटी रिकाम्या बाकांना आशीर्वाद द्यायला हात उचलले तेव्हा त्यांना रडूच फुटलं. उकाड्याने खिडक्या सताड उघड्या होत्या, हे नंतर ध्यानात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या रविवारी चौथ्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मोकळं कपाळ, डोक्यावर पदर, पदराच्या टोकाला घट्ट गाठ. समोरच्याच गल्लीत राहायची.

"तुम्ही इथल्या जुन्या का?" साळव्यांनी भीतभीत विचारलं.

"तर! माझ्या सासऱ्याच्या बापानं दुष्काळात हितलं दगड वाहिल्यात," म्हातारी म्हणाली.

साळव्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. ज्या घराण्याने प्रभूचं हे देऊळ बांधलं, त्याची शेवटची ज्योत अजून तेवते आहे! तेव्हापासून चर्च बघायला कुणी आलं की ते इतिहास सांगत. दुष्काळी कामावरच्या माणसांनी खाणीतून दगड कसे आणले, परदेशातून आलेली वाजवायची पेटी वाळवीने कशी खाल्ली. आणि शेवटी चौथ्या बाकाकडे बोट दाखवत. मग बायडाबाई लाजून पदर सारखा करत.

बाई मोठी नम्र. प्रभुभोजनाला पुढे बोलावलं की म्हणायची, "नगं पाद्रीबाबा, आपली तेवढी लायकी न्हाई." गीतांचं पुस्तक हातात धरी, उघडत नसे. वाचता येत नसेल बिचारीला. घरी प्रार्थनेला गेलं तर ओट्यावरच बसवी. "आत पसारा हाय" म्हणे, आणि चहा बाहेरच आणी.

साळव्यांच्या वरच्या, जिल्ह्यातली चर्चेस बघणाऱ्या अधीक्षकांना हे कौतुक कळत नव्हतं. "साळवे, एका बाईसाठी एवढी इमारत? त्यापेक्षा बाईंनाच तुमच्या घरी बसवा की," ते म्हणाले होते. "चर्च बंद करायचं पत्र तयार आहे. फक्त तुम्ही हो म्हणा."

मुलगी सुवार्ता 'आता इकडे या' म्हणून नगरहून फोन करून करून दमली. साळव्यांचे गुडघे गेले होते, आवाज चिरकत होता. खरं सांगायचं तर ते पार विटले होते. एकट्यासाठी असतं तर त्यांनी केव्हाच कुलूप ठोकलं असतं. पण एक मेंढरू विश्वासाने येतंय, त्याच्या तोंडावर दार कसं लावायचं?

आज मात्र बोलायचंच. उपदेश म्हणून त्यांनी चर्चचा सगळा इतिहास पुन्हा सांगितला. "बायडाबाई, तुमच्या माणसांच्या घामावर ही भिंत उभी आहे," ते म्हणाले. बायडाबाई मान डोलावत ऐकत होत्या. मधूनच जांभई आली ती त्यांनी पदराआड दडवली.

आशीर्वाद झाला. साळवे खाली येऊन त्यांच्या शेजारी बसले.

"बायडाबाई, आजची उपासना शेवटची. चर्च बंद होतंय."

म्हातारीने पदराची गाठ चाचपली.

"मंजी घंटा वाजायची न्हाई?"

"नाही."

"आन् तुमी?"

"मुलीकडे जातो. नगरला."

"तितं तुमचं बोलणं ऐकाया कुणी हाय का?"

"नात आहे, जावई आहे. भरलेलं घर आहे."

"नक्की? का आपलं मला बरं वाटावं म्हणून?"

"नक्की." साळव्यांनी डोळे पुसले. या वयात, आपलं देऊळ जात असताना, बाई आपलीच काळजी करते! त्यांना स्वतःची लाज वाटली. "मला माफ करा. तुमच्यासाठी तरी मी थांबायला हवं होतं. पण तुमची सोय केली आहे. दर रविवारी वारज्याच्या चर्चची गाडी दाराशी येईल."

"वारज्याला?" बायडाबाई ताडकन उठल्या. "अगं बया! नगं नगं, पाद्रीबाबा. तितं लई माणसं असत्याल की!"

"म्हणून तर बरं ना?"

"त्यास्नी माझं काय काम?"

बायडाबाई दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला, चपला घातल्या आणि पदराची गाठ सोडली. आतला भंडारा चिमटीत घेऊन त्यांनी मोकळ्या कपाळाला ठसठशीत लावला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"चला, पुढल्या आयतवारी जेजुरीला जाऊन येती. सात वर्सं झाली, खंडोबा खोळंबलाय. पर तुमाला एकट्याला टाकून पाय निघत न्हवता."