नातीची उंची

महिन्याभरात मुलगी सहा मिलिमीटर वाढली होती. बेघरांच्या निवाऱ्यात कोणाचाच मुक्काम पक्का नसतो, म्हणून दर महिन्याला मुलांना मोजायला येणारी आजी भिंतीवर खुणा करत नसे. प्रत्येक मुलाची कागदी पट्टी वेगळी, गुंडाळून सोबत नेता येईल अशी.

“टाचा खाली. मला फसवतेस होय गं?”

“आजी, तुला नात आहे?”

“आहे की. पाच वर्षांची, तुझ्याच वयाची.”

“केवढी आहे? दाखव ना!”

आजीने हात पुढे केला. तो मुलीच्या कानाशी थांबला, जरा वर गेला, पुन्हा खाली आला. लेकीशी भांडण झालं तेव्हा नात पाळण्यात होती. त्यानंतर आधी कोण वाकणार, यातच सगळी वर्षं गेली.

“एका जागी धर की हात!” मुलगी खिदळली. “सगळ्यांना मोजतेस आणि घरचीच माहीत नाही?”

आजीने उरलेल्या मुलांना मोजलं. मग बाहेर पायरीवर बसून फोन लावला.

“कोण?” लेकीने विचारलं.

“मी. उद्या तुझ्याकडे येतेय. हवं तेवढं रागाव, पण दार उघड.”