बाबांच्या खांद्याला पेलेल अशी

टण्ण. रिकामं काडतूस टेबलावरून घरंगळलं आणि चुलीखाली जाऊन थांबलं. सकाळपासून घरात उमटलेला हा पहिला आवाज.

बाबा रुसले होते. खिडकीशी पाठमोरे बसून गोठलेल्या समुद्राकडे बघत होते. मिआलियानं पुढ्यात ठेवलेला कॅरिबू हरणाचा रस्सा केव्हाच निवला होता.

"रुसायचं कशाला, बाबा? जाते ना मी दुकानात," ती म्हणाली. "पण बंदूक एकच आणीन हं. तित्तिरांना एक आणि कॅरिबूला एक, असं नाही."

"एकच चालेल," बाबा न वळताच म्हणाले. "पण माझी."

बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिचा नवरा जोआनासी हसला. "हुकूम झाला सासरेबुवांचा. आता तुझी सुटका नाही."

सुटका नव्हतीच. सबंध हिवाळा ती याच विचारात होती. बावीसच्या गोळीची बंदूक हलकी. पांढरे तित्तिर, ससे यांना पुरे. पण कॅरिबू तिनं नुसता जखमी होतो, आणि कुठेतरी दूर जाऊन तडफडत मरतो. घरात होती ती तीनशे आठची. तिच्या एका गोळीत कॅरिबू बसतो, पण तित्तिराची फक्त पिसं हाती येतात. शिवाय तिचा धक्का. धक्क्याची भीती एकदा खांद्यात शिरली, की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि मग जन्मभर मिटतच राहतो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

आठ वर्षांपूर्वी, अशाच एप्रिलमध्ये, दोघं तळ्यावर गेले होते. लांब कळप दिसला म्हणून मोठी बंदूक घेऊन मिआलिया टेकडीपलीकडे गेली. बाबा तंबूपाशी, बावीसची घेऊन, तित्तिरांच्या मागे. आणि अस्वल आलं. त्या दिवसाविषयी घरात कुणी बोलत नसे. यंदा पहिल्यांदाच बाबा पुन्हा बर्फावर निघणार होते. या वेळी त्यांच्या हातात चुकीची बंदूक असणं तिला परवडणार नव्हतं.

दुकानात क्लेटन होता. दक्षिणेकडून शरद ऋतूत आलेला, बोलघेवडा.

"कुणासाठी हवीय?"

"बाबांसाठी."

"वय काय त्यांचं?"

"आम्ही मोजत नाही."

"बरं. पूर्वी शिकार केलीय?"

"गावात त्यांच्यासारखा नेमबाज झाला नाही. पण आता खांदा नाजूक आहे. हातात ताकद नाही."

"नजर?"

"लखलखीत."

"नशीबवान आहेत." त्यानं दोनशे त्रेचाळीसची खाली काढली. "ही घ्या. लहान-मोठं सगळं हिच्यात भागतं."

मिआलियानं ती खांद्याला लावली, तोलली, आणि परत दिली. "धक्का जास्त आहे. आणि दस्ता कापावा लागेल. चार बोटं तरी."

"चार?" क्लेटन म्हणाला. "वयानं माणूस आखडतं, पण इतकं?"

तिनं दस्त्यावर चार बोटं टेकवून दाखवली.

मागून काठीचा आवाज आला. म्हातारी कौनाक होती. ऐंशी पार केलेली. "काय घेतेस गं, आई?"

"बंदूक घेते, पोरी. बाबांसाठी."

क्लेटननं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "तुमचा हिशेब मला नाही लागत."

"त्यात न लागण्यासारखं काय?" कौनाक म्हणाली. "माझी आई गेली त्याच हिवाळ्यात ही जन्मली. आईचं नाव हिला दिलं. नाव आलं की माणूसही आलं. लहानपणी काय छळलंय मी हिला, आता ही मला छळते."

"हिला गोड खाऊ देऊ नका," मिआलिया क्लेटनला म्हणाली. "दात किडतात पोरीचे."

"दात असते तर किडले असते," म्हणत कौनाक काउंटरला टेकली. बंदुकांच्या रांगेवरून तिनं काठी फिरवली आणि एकीपाशी थांबवली. "ती. दोनशे तेवीसची. धक्का जवळजवळ नाहीच. कॅरिबूला मानेत मारायची, जवळ जाऊन. तित्तिराचं फक्त डोकं उडवायचं, अंग शाबूत. माझी चार पोरं हिच्यावरच जेवली."

"आणि अस्वल?" मिआलियानं हळूच विचारलं.

"अस्वलाला नाही पुरायची." कौनाकनं तिच्याकडे नीट पाहिलं. "लहान-मोठ्याला चालणारी बंदूक असते, आई. सगळ्याला चालणारी नसते. मोठी तू धर. आणि टेकडीपलीकडे जाऊ नकोस."

मिआलियानं दोनशे तेवीसची घेतली.

जोआनासीनं दस्ता दारातच कापला, कानशीनं घासला, वर सीलच्या कातड्याची पट्टी चढवली. बाबा एव्हाना खिडकी सोडून त्याच्या भोवती घुटमळत होते. बंदूक हातात येताच त्यांनी ती मिआलियानं सांगितल्याप्रमाणे खांद्याला लावली. गाल बरोबर टेकला. रिकामा चाप ओढताना डोळे उघडे राहिले.

तिनं रोखलेला श्वास सोडला.

"आवडली?"

"माझ्या मापाची आहे." रुसवा पार गेला होता. "मोठी कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडे. आणि मी तुमच्यापासून हातभरही लांब जाणार नाही."

बाबा जरा विचारात पडले. मग बंदूक जोआनासीकडे देऊन सरळ तिच्या मांडीवर चढून बसले. लेकीला येत्या उन्हाळ्यात सात वर्षं पूर्ण होणार होती. पुढचे दोन दुधाचे दात या आठवड्यातच पडले होते, आणि दोन वेण्यांपैकी एक सुटली होती. मिआलिया ती वेणी नीट घालू लागली.

"पोरी," त्या फटीतून हवा सोडत बाबांनी विचारलं, "अस्वलानं मला मारलं ना, तेव्हा मी तुला किती हाका मारल्या गं?"