सात नंबरवरचा डाग

रमाला एकही वस्तू जोडीनं सांभाळता येत नाही, ही इरावतीबाईंची जुनी तक्रार. सहा वर्षं दर सोमवारी मागच्या दोरीवर एकच हातमोजा वाळत असायचा. दुसरा कुठं पाडून आली, असं विचारलं की सून खाली बघायची. "स्कूटीवरचा आहे, आई." आणि तिच्या नवऱ्याचे, अनिमेषचे शर्ट? एकूण एक उजव्या खांद्यावर विरलेले. ब्रश घासू घासू पोट्टीनं चाळणी केली, असं इरावतीबाई अख्ख्या पाऱ्यात घरोघरी सांगत.

आता शर्ट घालणाराच उरला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी अनिमेष गेला, कुणाला हाकही न मारता. रमा चारचौघांत रडली नाही, हेही सासूनं मनात ठेवलं होतं.

पंडरीच्या बाजारात भार्गवचं गोल्फच्या सामानाचं नवं दुकान निघालं होतं. तिथं त्या आज दोघांना घेऊन आल्या होत्या: नुकताच पुण्याहून परतलेला धाकटा श्रेयस, आणि रमा. थोरल्याचा रविवारचा खेळ बंद पडू नये, श्रेयसनं तो पुढे चालवावा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी ठरवलं की घरात ते ठरलेलंच असे. लग्नानंतर रमानं शाळेतल्या नोकरीचं नाव काढलं होतं, तेव्हा "या घरच्या बाया बाहेर मिरवत नाहीत" एवढ्या एका वाक्यात तो विषय संपला होता.

श्रेयसनं दादाची गोल्फच्या काठ्यांची जुनी पिशवी खांद्यावरून उतरवली. ती बदल्यात देऊन नवा सेट घ्यायचा होता. सकाळी निघताना रमानं आजवर पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"आई, तो जुना सेट मले राहू द्या न."

"तुले काय करायचं त्याचं? दर रविवारी त्याच्यासंग जाऊन झाडाखाली बसून तर राहायची."

रमानं पिशवी उचलून श्रेयसच्या हातात दिली होती.

भार्गवनं काउंटरवर दोन काठ्या ठेवल्या. "माताजी, ह्याचं डोकं ओतीव, मागून पोकळ. गेंद कुठंही लागली तरी गलती माफ करते. अन् हे ब्लेड, फोर्ज्ड. मधोमध लागलं तर मक्खन. जरासं चुकलं तर हात झनझनतो."

इरावतीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण गुढियारीतली कुदळी-टिकासांची भट्टी नवऱ्यामागं तीस वर्षं त्यांनीच चालवली होती. किल्ल्यांच्या जुडग्यानं त्यांनी दोन्हींवर हलकेच ठोकलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"हे घडीव. हेच द्या. माफ करणारं लोखंड मले नाही पाहिजे."

"आई, मैं तो अभी सीखूँगा," श्रेयस म्हणाला. "ब्लेड बहुत मुश्किल होता है."

"तुझा दादा मारत होता न?" त्यांनी जुन्या पिशवीतून सात नंबरची काठी ओढून काढली आणि उजेडात धरली. पात्याच्या मधोमध चार आण्याएवढा घासलेला डाग होता. बाकी पातं कोरं. "पाह्य, भार्गव. हजार घाव, अन् सगळे एका जागी. माझ्या पोराचा हात आहे हा."

चौदाव्या वर्षी भट्टीवर याच पोराचा हातोडा चुकून स्वतःच्याच डाव्या अंगठ्यावर बसला होता. अंगठा जन्मभर लाटल्यासारखा चपटा राहिला. भट्टीवर नेम लागला नाही, पण मैदानावर तरी लागला, या एका गोष्टीवर त्यांनी सहा वर्षं मान ताठ ठेवली होती.

भार्गवनं सात नंबर श्रेयसच्या बाजूला उभी धरली आणि मनगटापाशी टेप लावली.

"भैया, हे तुम्हाला बुटकं पडते. कटवाया हुआ है. बड़े भैया हाइट में कम थे क्या?"

"दादा मेरे से चार इंच ऊँचा था."

"अच्छा," भार्गव म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

इरावतीबाईंनी काठी परत हातात घेतली. मुठीच्या रबरावर अंगठ्याची खळी पडली होती. हत्यार एकाच हाताला सवयीचं झालं की दांड्याला पडते, तशीच. त्यांनी त्यात आपला अंगठा टेकवून पाहिला. खळी निमुळती होती, लहान होती.

रमा दारापाशी हात मागे बांधून उभी होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीला पांढऱ्या हातमोज्यांची पाकिटं टांगलेली. प्रत्येक पाकिटात एक.

"एक एकच काहून विकता? जोडी कुठं आहे?"

"जोडी नहीं आती, माताजी. गोल्फमध्ये एकच लागतो. डाव्या हाताला."

इरावतीबाईंनी काठी काखेत धरली. मग जुन्या पिशवीजवळ वाकल्या. तिचा रुंद पट्टा त्यांनी पालथा केला आणि जी बाजू अंगाला लागते तिच्यावरून बोटं फिरवली. पट्टा कानशीसारखा खरखरीत होता.

"हे बदल्यात नाही द्यायचं," त्या म्हणाल्या.

"हव, ठीक है. और नया वाला? माप भैया का ही लूँ?"

इरावतीबाईंनी पट्टा सोडला. गुडघ्यावर हात देत उठल्या, दारापर्यंत चालत गेल्या आणि सात नंबर सुनेपुढे धरली. रमानं हात मागेच ठेवले होते. ते पुढे येईपर्यंत इरावतीबाई तशाच उभ्या राहिल्या.

"ओढणी कमरेले बांध, माप तुझं आहे. सहा वर्षं मले फसवलं तुम्ही दोघांनी, ते मी माफ नाही करत. पण माझा पोरगा कोणाची पिशवी वाहत होता, ते पाहू दे मले."