विभागप्रमुखांचा शेरा

प्रज्ञेशला लॅपटॉप हवा होता गेमसाठी, पण घरी त्याने इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचं नाव सांगितलं. वडिलांची सत्तावीस वर्षं सरकारी खात्याच्या खरेदी विभागात गेलेली. त्यांनी बुधवार पेठेतल्या तीन दुकानांतून कोटेशनं आणली, तक्ता आखला आणि सगळ्यांत स्वस्त, साठ हजारांच्या लॅपटॉपसमोर खूण केली.

"पप्पा, हा नाही चालणार. ऐंशीचा लागेल. प्रोजेक्ट जड आहे."

"मग तुमच्या विभागप्रमुखांची लेखी शिफारस आण. शेऱ्याशिवाय मी आजवर टाचणीसुद्धा मंजूर केलेली नाही."

विभागप्रमुख तुळपुळे सरांना कॉलेजात हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी प्रज्ञेशचा अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं, खाली काहीतरी लिहिलं, सही-शिक्का केला आणि लिफाफा चिकटवूनच हातात दिला.

संध्याकाळी वडिलांनी लिफाफा फोडला आणि शेरा मोठ्याने वाचला.



"अर्जदाराची मागणी रास्त आहे. साठ हजारांचा माझ्याकडे आहे. त्यात शत्रू दिसेपर्यंत आपण मेलेलो असतो."