चेसिस नंबर

आरटीओची कामं करणाऱ्या शामराव एजंटने कागद जीपच्या चेसिसवर दाबून धरला आणि त्यावरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. कागद काळा झाला. आकडा उमटला नाही.

त्याने कागद चार बोटं पुढे सरकवला आणि पुन्हा पेन्सिल फिरवली.

"डावीकडेच असतो ना?" रघुवीरने विचारलं. गुडघा बोलत होता, तरी तो शेजारी उकिडवा बसला होता.

"ह्या मॉडेलला डावीकडेच. पुढच्या चाकाच्या मागे." शामरावने मोबाइलचा टॉर्च लावला. "अशा शंभरेक केल्यात साहेब. इथेच असतो."

जीप अडुसष्ट सालची. गिरगावातल्या वाडीत पंपरूमच्या भिंतीला लागून ती नऊ वर्षं उभी होती, त्यातली आठ ताडपत्रीखाली, सुट्या भागांत. गेल्या रविवारी ती पहिल्यांदा चालू झाली, आणि वाडीतल्या लोकांनी धुराबद्दल तक्रार न करता टाळ्या वाजवल्या. आता महिनाअखेरीस वाडीच रिकामी करायची होती. बिल्डरच्या पत्रकातला सातवा मुद्दा असा, की चालू कागदपत्रं नसलेली वाहनं भंगार समजून उचलली जातील. बिनकागदाच्या भाडेकरूंसाठी आठवा मुद्दा होता. आज चेसिस नंबरची छाप घेतली की नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज जाणार होता, आणि मग जीप स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर. रघुवीरने त्यासाठी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण 'घरगुती कार्य' असं लिहिलं होतं.

वरच्या गॅलरीतून मृणालिनीने वाकून विचारलं, "अहो, झालं का? नारळ पाठवू खाली?"

"थांब जरा."

आग्नेलो इतका वेळ बॉनेटला टेकून उभा होता. माहीमला त्याचं गॅरेज होतं तेव्हापासूनची दोस्ती. गॅरेज बंद झालं, पण हत्यारं आणि सल्ले तो अजून उसने द्यायचा. तो खाली वाकला आणि चेसिसवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"रघू, तू इथे काय केलंस?"

"काही नाही. साफ केलं."

"कशाने?"

"आधी तुझा ग्राइंडर. मग पॉलिश पेपर. ऐंशी नंबर, मग दोनशे वीस, मग चारशे. चार रविवार लागले."

"मी तुला गंज काढायला सांगितला होता, मॅन."

"गंजच काढला. वर डांबरासारखं ग्रीस होतं, पन्नास वर्षांचं. ते खरवडलं तर खाली बारीक बारीक खड्डे होते. एका ओळीत..."



शामरावने टॉर्च बंद केला.

आग्नेलोने अंगठा पँटला पुसला. मग शामरावला म्हणाला, "इंजिन नंबर चालेल?"

"इंजिन ओरिजिनल आहे?"

"कुर्ल्याहून आणलंय. दुसऱ्या गाडीचं."

"डॅशबोर्डवर पट्टी आहे की," रघुवीर म्हणाला. "तिच्यावर सगळं आहे. नंबर, साल, सगळं."

शामरावने आत वाकून पितळी पट्टी पाहिली. तिच्यात त्याचा चेहरा दिसत होता. "ही कधीची?"

"मागच्या दिवाळीत बनवून घेतली. जुनी फार खराब झाली होती."

"जुनी ठेवलीय?"

रघुवीरने नोंदणी पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. नंबर त्यात होता. त्याला तोंडपाठही होता. मोबाइलचा आणि बँकेचा, दोन्ही पासवर्ड त्याच नंबरचे होते. फक्त लोखंडावर नव्हता.

"परत ठोकून मारता येतो ना?" आग्नेलोने विचारलं. "माझ्याकडे आकड्यांच्या पंचचा सेट आहे."

"हे आपण बोललोच नाही असं समजा," शामराव म्हणाला. "नंबर पुन्हा मारायचा तर परवानगीने. त्याआधी पोलिसांचा दाखला. गाडी तपासायला येणारा माणूस पहिलं काय विचारणार? नंबर कुणी घासला. तुम्ही म्हणणार मी घासला. पुढचं तुम्हाला लिहून द्यायला लावतील."

"पण माझीच गाडी आहे."

"कुठली?"

हा प्रश्न शामरावने कुजकेपणाने विचारला नव्हता. त्याने हातातलं पुस्तक उघडून त्यातल्या नंबरावर बोट ठेवलं. "ही तुमची आहे. ही," तो जीपकडे बघून म्हणाला, "कुणाची ते आता सांगता येणार नाही."

वरून मृणालिनीने पुन्हा विचारलं, "अहो, पाठवू का?"

रघुवीरने हाताने नको अशी खूण केली. ती तिला 'थांब' अशी दिसली असावी, कारण ती कठड्याशी उभीच राहिली.

शामरावने काळे झालेले कागद घडी करून खिशात घातले. त्याने फी घेतली नाही, आणि ते रघुवीरला सर्वांत वाईट वाटलं. जाता जाता तो पुन्हा वाकला, चेसिसच्या त्या जागेवर तळवा ठेवला आणि सावकाश फिरवला.

"साहेब, चोरांची कामं खूप बघितलीत मी," तो म्हणाला. "ते घाईत असतात. कितीही घासलं तरी तिरपा उजेड टाकला की एखादा आकडा सापडतोच. असं काम आजवर बघितलं नाही."

आग्नेलोने मान दुसरीकडे वळवली.

"चारशेनंतर," रघुवीर म्हणाला, "सहाशेचा हातही दिला होता."